अक्षांश १८.५ साठी स्टार ट्रॅकर: फ्रीकॅडमधलं काम कुठवर आलं

पावसाळाभर फ्रीकॅड या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घडत असलेला बार्न डोअर ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारं यंत्र, आता थ्रीडी प्रिंटरवर छापून, जोडून उभा आहे. ५० मिमी लेन्स लावून दोन मिनिटांचं एक्स्पोजर दिलं, तर तारे गोल येतायत. १३५ मिमीचं काम अजून बाकी आहे, त्याबद्दल शेवटी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही, त्यामुळे हे चार महिने डिझाइनचेच असतात. या वेळी मी ते सगळे एकाच प्रश्नावर घालवले: हे यंत्र पुण्याच्या अक्षांशासाठी मुळापासून आखलं, तर ते कसं दिसेल?

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते, म्हणजे आकाश सेकंदाला साधारण १५.०४ विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला) सरकतं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स असेल तर एक पिक्सेल सुमारे १६ विकलांचा होतो, म्हणजे ट्रॅकिंग नसताना खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा जवळपास दर सेकंदाला एक पिक्सेल सरकतो. बार्न डोअरमध्ये दोन फळ्या एका बिजागरीने जोडलेल्या असतात, बिजागरीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि एक स्क्रू वरची फळी हळूहळू उघडत नेतो. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी ही कल्पना १९७५ मध्ये मांडली, आणि आजही हौशी माणसाला घरी करता येईल असा याहून सुटसुटीत ट्रॅकर माझ्या पाहण्यात नाही. स्क्रू म्हणून एम६ (६ मिमी जाडीचा) आटेदार रॉड आहे; त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, १ मिमी. नट मिनिटाला एक फेरा फिरवायचा असेल, तर बिजागरीपासून स्क्रूचं अंतर २२८.६ मिमी ठेवावं लागतं. माझं सगळं डिझाइन या एका आकड्यावर टांगलेलं आहे.

आता अक्षांशाकडे. तयार मिळणाऱ्या बहुतेक फाइली युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी स्वतःच्या आकाशासाठी केलेल्या असतात. ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण अक्षांशाइतकाच वर असतो; तिथे तो ४० ते ५५ अंशांवर. पुण्यात तो १८.५ अंशांवर, म्हणजे बिजागरीचा अक्ष जवळपास आडवाच. पहिला फरक डोळ्यांना लगेच दिसतो तो वेजमध्ये, म्हणजे अक्ष तिरका धरणाऱ्या पाचरीसारख्या आधारात. १६० मिमी पायाचा वेज ५० अंशांना १९१ मिमी उंच होतो. पुण्यासाठी तोच ५४ मिमीत भागतो. इतका बुटका वेज ट्रायपॉडवर ठेवला की कॅमेऱ्याचं वजन खाली येतं आणि वाऱ्यात सगळं जास्त स्थिर राहतं. परदेशी वेज आपल्या कोनावर वाकवून वापरण्यापेक्षा नवा आखणं केव्हाही बरं.

दुसरा फरक दिसत नाही, पण त्याने मला जास्त विचार करायला लावला. अक्ष उभा असेल तर गुरुत्वाकर्षण त्याच्याभोवती काहीच फिरवू शकत नाही. अक्ष आडवा असेल तर असंतुलित वजनाचा पुरेपूर परिणाम होतो. मधल्या कोनात हे अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात बदलतं. ५० अंशांना ०.६४, १८.५ अंशांना ०.९५. म्हणजे तोच कॅमेरा, तीच फळी, पण पुण्यात अक्षाभोवतीचं टॉर्क (फिरवणारा जोर) जवळपास दीडपट! दीड किलोचा कॅमेरा अक्षापासून १०० मिमीवर धरला, तर नटावर इथे सुमारे ६ न्यूटन बळ येतं आणि तिकडे ४. एम६ स्क्रूला हे किरकोळ आहे, मोटरलाही. काळजी वाकण्याची आहे. २२८.६ मिमीवर ०.०१ मिमी हललं की ९ विकला गेल्या. स्थिर वाकणं चालतं, कारण ते एक्स्पोजरभर तसंच राहतं. फळी उघडत जाताना जे वाकणं बदलत जातं ते ताऱ्याला लांबवतं. म्हणून वरच्या फळीसाठी छापील भाग सोडून २०४० ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजन (२० × ४० मिमीची पट्टी) घेतलं आणि ते उभ्या बाजूने बसवलं.

या दीडपटीचा एक फायदाही आहे आणि तो सोडू नये. उत्तरेकडे तोंड केल्यावर बिजागरी डावीकडे, म्हणजे पश्चिमेला ठेवली, तर आकाशाच्या दिशेने फिरताना फळीचं पूर्वेकडचं टोक वर उचललं जातं. वजन सतत नटावर एकाच बाजूने बसतं आणि स्क्रू-नटमधली ढिलाई आपोआप खाल्ली जाते. आपल्या अक्षांशावर हा दाब जास्त भक्कम मिळतो. वेगळी स्प्रिंग लावायची गरजच पडली नाही.

बिजागरी हा माझा सगळ्यात आवडता भाग झालाय. दाराची बिजागरी काढून टाकली. त्याजागी दोन ६०८ बेअरिंग, एकमेकांपासून १२० मिमी अंतरावर, आणि त्यांतून जाणारी ८ मिमीची स्टेनलेस नळी. अक्ष आडवा असल्याने बहुतेक भार बेअरिंगवर आडवा पडतो, आणि ६०८ अशाच भारासाठी उत्तम. नळी पोकळ ठेवण्यामागे हेतू आहे. आतला व्यास ६ मिमी, लांबी १५० मिमी. डोळ्याकडच्या टोकाला २ मिमी छिद्राची छापील टोपी. त्यातून पाहिलं की साधारण २.३ अंशांचं गोल क्षेत्र दिसतं, म्हणजे अक्ष स्वतःच ध्रुव शोधायची नळी झाला! ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून जवळपास ४० कला दूर आहे आणि ध्रुव त्याच्यापासून ध्रुवमत्स्यातल्या कोचाबच्या दिशेला आहे. त्यामुळे ध्रुवतारा मध्यावर न आणता कोचाबच्या विरुद्ध बाजूला, मध्यापासून काठाकडे अर्ध्याहून थोडा पुढे ठेवायचा. मध्यावरच ठेवला तर मिनिटाला जास्तीत जास्त १० विकलांचा सरकाव येतो. ५० मिमीला तो चालून जातो, १३५ मिमीला नाही.

सह्याद्रीतल्या दरीत उतरलं की उत्तरेचा डोंगरच १८ अंशांहून वर असतो आणि ध्रुवतारा दिसतच नाही, हे भंडारदऱ्याच्या बाजूला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी वेजच्या तिरक्या पाठीवर डिजिटल अँगल गेज बसेल असा सपाट खाचा ठेवलाय. उंचीचं बारीक समायोजन एम६ बोल्टने होतं. १६० मिमीच्या पायावर एक फेरा म्हणजे २१ कला, पाव फेरा म्हणजे ५. दिशेसाठी मात्र कंपास आणि मग ड्रिफ्ट पद्धत (तारा किती सरकतो ते पाहून अक्ष सुधारणं), दुसरा रस्ता नाही.

मॉडेलमध्ये सगळ्या मापांचं मूळ एका स्प्रेडशीटमध्ये आहे. अक्षांश, रॉडचा पिच, बेअरिंगचा व्यास, प्रिंटरसाठी छिद्रांत सोडायची सैल जागा, एवढे सेल भरले की बाकी सगळं त्यांवरून निघतं. अक्षांशात २१.१५ टाकलं की नागपूरचा ६२ मिमी उंच वेज समोर येतो, १५.५ टाकलं की पणजीचा ४४ मिमीचा. हे जमायला एक शिस्त लागली: कोणतंही स्केच तयार झालेल्या पृष्ठभागावर न बसवता डेटम प्लेनवर (स्वतंत्र आधार-पातळीवर) बसवायचं. मागचं माप बदललं की पृष्ठभागांची अंतर्गत नावं बदलतात आणि पुढचे खाचे भलतीकडे उडतात, हा फ्रीकॅडचा जुना त्रास. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीने तो पुष्कळ कमी केला, तरी डेटम प्लेनची सवय मी मोडणार नाही.

त्याच आवृत्तीतल्या असेंब्ली वर्कबेंचने (सुटे भाग जोडून हलवून पाहायची सोय) एक गोष्ट दाखवली जी कागदावर लक्षात आली नसती. रॉड दोन्ही टोकांना पिव्होटवर (फिरत्या सांध्यावर) आहे, त्यामुळे उघडणं जीवेच्या हिशोबाने होतं: लांबी = २ × २२८.६ × अर्ध्या कोनाचा साइन. सरळ, एका टोकाला घट्ट बसवलेल्या रॉडपेक्षा यात त्रुटी आठपट कमी. पण फळ्या मिटलेल्या असतानाही दोन पिव्होट एकमेकांपासून ४० मिमीवर असतात, कारण मधे मोटर आणि पुली मावायला हवी. म्हणजे यंत्राच्या लेखी कोन शून्यापासून सुरूच होत नाही, तो १० अंशांपासून सुरू होतो. नेमा १७ मोटर (छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी), १६ मायक्रोस्टेप, २० आणि ६० दात्यांच्या जीटी२ पुली असा संच धरला तर शून्य कोनाला सेकंदाला १६० स्टेप लागतात. दहा अंशांना हव्यात १५९.४, आणि तासाभराने १५६.२. स्थिर १६० वर चालवलं तर सुरुवातीच्या दोन मिनिटांतच यंत्र आकाशाच्या ७ विकला पुढे जातं. ५० मिमीवर हा अर्धा पिक्सेलही नाही. १३५ मिमीवर पिक्सेल ६ विकलांचा, तिथे तो दिसतो. असेंब्लीत मापलेला सुरुवातीचा कोन आता फर्मवेअरमध्ये (मोटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) घालतोय, म्हणजे वेग दर सेकंदाला नव्याने मोजला जाईल.

छपाईबद्दल थोडंच. सगळे छापील भाग पीईटीजी या प्लास्टिकमध्ये, कारण नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. वेज कुशीवर झोपवून छापला, म्हणजे भार थरांना एकमेकांपासून सोलत नाही. आतली भरण वाढवण्यापेक्षा बाहेरच्या भिंती सहा केल्या. कडकपणा तिथून जास्त मिळतो.

आता राहिलेलं. फर्मवेअर झालं की १३५ मिमी लावून लागोपाठ १५ सेकंदांची चित्रं घेणार. स्क्रूचा फेरा एका मिनिटाचा असल्याने त्याच्या वाकडेपणाची त्रुटी दर मिनिटाला परत येते, आणि चार-चार चित्रांच्या मालिकेत ती उमटायला हवी. रॉडमध्ये ०.०२ मिमीचा दोष असेल तर १८ विकलांचा झोका मिळेल, म्हणजे १३५ मिमीवर तीन पिक्सेल. तेवढा आला तर रॉड बदलणार, फर्मवेअरने झाकणार नाही. त्यानंतर फाइल देतो. मराठवाडा, विदर्भ, कोकण, गोवा, जिथे असाल तिथला अक्षांश पहिल्या सेलमध्ये टाका, आणि छापण्याआधी तुमच्या प्रिंटरवर ६०८ बेअरिंगचा नुसता एक गोल कडा काढून सैल जागेचा आकडा ठरवून घ्या.