कॉफी निवू द्या, मग चाखा

द्राक्षांच्या आपल्या नाशिक जिल्ह्यात पांढरी वाइन किती थंड हवी, लाल किती, यावर तासभर बोलणारी माणसं सहज भेटतात. कॉफीला मात्र एकच माप: वाफ दिसली पाहिजे. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत चिकमगळूरची बिनदुधाची कॉफी घेतली, तेव्हा पहिले घोट नुसतेच गरम लागले. तळाशी उरलेली, कोमट झालेली कॉफी मात्र भलतीच चवदार निघाली. म्हटलं, घरी नीट करून बघू.

सामान साधंच. केकसाठी आणलेला डिजिटल थर्मामीटर, ग्रॅमचा काटा, दोन वाट्या, चमचे. एक कॉफी मध्यम भाजलेली अरेबिका. दुसरी आमच्याकडे कायम येते ती, काळपट भाजलेली, चिकोरीची (म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड मिसळलेली). कॉफीची पारख करणारे लोक ‘कपिंग’ करतात, तीच रीत उचलली. १५० मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडायचा आणि फेस काढून टाकायचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं. गॅस बंद करून थोडं थांबलं की झालं.

आणि मग चमच्याने सुर्र करून ओढायचं. हे चारचौघांत करण्यासारखं नाही.

सत्तरच्या वर दोन्ही वाट्या सारख्याच ‘छान’. वास भरपूर, कारण सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर थेट नाकात जातात. पण जिभेला चटक्याशिवाय फारसं काही कळत नाही. (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं म्हटलं. कॉफी असो की चहा, मुद्दा तापमानाचा.) साठच्या खाली आल्यावर खरी गंमत सुरू होते. अरेबिकात मोसंबीच्या सालीसारखा हलका आंबटपणा आला, पन्नाशीत तो गोडसर झाला, आणि चाळीसला तर साखर न घालताही गुळाची आठवण यावी अशी चव. चिकोरीवालीचं उलट. ती जसजशी निवत गेली तसतसा कडवटपणा उघडा पडला, मागे राखेसारखी चव रेंगाळली. गरम असताना हे सगळं झाकलेलं होतं!

आई बाजूला उभी राहून बघत होती. “अरे, निवली की कॉफी कसली, तो काढा झाला,” म्हणाली. चिकोरीवालीच्या बाबतीत तिचं शंभर टक्के बरोबर आहे. ती पावडर दूध-साखरेबरोबर गरम प्यायलाच बनलेली आहे, तिला कोमट करून नावं ठेवण्यात अर्थ नाही.

गोडी तापमानावर कशी अवलंबून असते, तेही नंतर थोडं वाचलं. जिभेवरच्या चवपेशींत गोडाची खबर पुढे पोचवणारा एक मार्ग आहे, तो १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमान वाढेल तसा जास्त जोमाने चालतो. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणून बर्फाच्या कॉफीत साखर जास्त लागते.

निवणं वेगळं आणि गरम ठेवणं वेगळं, हेही बघितलं. उरलेली अरेबिका थर्मासमध्ये दुपारपर्यंत ठेवली. तापमान चांगलं टिकलं, चव नाही. उष्णतेने कॉफीतली आम्लं हळूहळू मोडत राहतात, त्यातून तुरट-आंबट धार येते. हीच कॉफी वाटीत निवली असती तर बरी लागली असती.

आता घरी माझी बिनदुधाची कॉफी पंचावन्नपर्यंत आणूनच पहिला घोट. भांडी बाजारातून आणलेला पितळी डबरा-टंबलर (दक्षिणेत फिल्टर कॉफीसाठी वापरतात ती खोलगट वाटी आणि पेला) यासाठी झकास आहे: दोन-चार वेळा उंचावरून ओतली की थर्मामीटरचे आकडे भराभर उतरतात. फक्त पितळेचा काठ ओठाला भाजतो, म्हणून पिण्यासाठी जाड चिनी मातीचा कप. डिसेंबर-जानेवारीत तो आधी गरम पाण्याने विसळून घेतो, नाहीतर इथल्या थंडीत पंचावन्न कधी आलं आणि गेलं ते कळत नाही. एप्रिलमध्ये ही कटकट नसते.