आमच्या घराच्या कागदातलं ते एक वाक्य

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या नकाशाची लिंक पाठवली, 'मॅपिंग प्रेज्युडिस' म्हणून प्रोजेक्ट आहे, ज्या घरांच्या जुन्या कागदांत वंशाची अट होती ती घरं त्यात रंगवून दाखवतात, म्हणाली तुझा पत्ता टाकून बघ. रात्री भांडी आवरून सहज टाकला तर आमच्याच, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या घरावर रंग. मग काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) रेकॉर्डमधून जुनं खरेदीखत मागवलं. आपल्याकडे सातबारा काढायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात ते आठवलं, इथे चार दिवसांत कॉपी हातात. पण त्यात जे वाचलं त्याने मी आठवडाभर नीट झोपले नाही.

१९४० च्या आसपासचा कागद. आधी कुंपण किती उंच असावं, कोंबड्या पाळायच्या नाहीत, घर रस्त्यापासून किती फूट आत असावं, असलं सगळं. आणि त्याच ओळीत, त्याच टाइपरायटरवर, की ही जागा गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय कुणालाही विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, राहायला द्यायची नाही. घरमालकाकडे कामाला असलेले नोकर सोडून.

ते "नोकर सोडून" माझ्या डोक्यातून जातच नाही. म्हणजे ती बाई या घरात झोपू शकते, स्वयंपाक करू शकते, यांची पोरं सांभाळू शकते, फक्त किल्ली तिच्या नावावर नको. हे लिहिताना वकिलाला आठवणीने सुचलं असणार ना, की अरे नोकरांचं काय, ते घाला. कुणी शांतपणे बसून विचार करून लिहिलेलं आहे ते. शिवी दिली असती तर मला कमी लागलं असतं.

आणि त्या वाक्यात मी पण आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या केसमध्ये सांगून टाकलं होतं की भारतीय माणूस 'गोरा' धरता येणार नाही, आणि थिंद तर अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. म्हणजे ज्या हॉलमध्ये आम्ही गणपती बसवतो तिथे माझ्या आजीच्या वयाची मराठी बाई तेव्हा फक्त फरशी पुसायला येऊ शकली असती.

इथले कागद सांगतात की मिनिआपोलिसमध्ये हे १९१० पासून सुरू झालं. बिल्डर लोक प्लॉट पाडतानाच ही अट टाकायचे. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा, निळा, पिवळा, लाल, आणि लाल भागात कर्ज द्यायचं म्हणजे धोका, असं ठरलं. घरकर्जाला हमी देणारं सरकारी खातं अशा अटी असाव्यात असंच सांगायचं. म्हणजे एखाद्या गल्लीतल्या वाईट माणसांची ही गोष्ट नाहीये. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की या अटी कोर्टातून लागू करता येणार नाहीत, इथल्या राज्याने १९५३ मध्ये नव्या अटी घालायला बंदी केली, आणि घर विकताना वंश बघायचा नाही हा देशाचा कायदा आला १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवडाभराने.

आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर कोलंबस अव्हेन्यूला आर्थर ली यांचं घर आहे. पोस्टात नोकरी, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढून आलेला ब्लॅक माणूस. १९३१ मध्ये त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत ते छोटंसं घर घेतलं तर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी हजारोंचा जमाव अंगणाबाहेर, दगड काय, शिव्या काय. ते म्हणाले होते की फ्रान्सच्या चिखलात लढत होतो तेव्हा कुणी मला निघून जा म्हणालं नाही. दोनेक वर्षांत शेवटी ते गेलेच. मी मुलीला घेऊन जाऊन आले, घर बघितलं, ती विचारते, आई पोलीस नव्हते का. पोलीस होते गं.

आणि परिणाम आजही दिसतात की. इथे गोऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांचं स्वतःचं घर, आणि ब्लॅक कुटुंबांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं, तेवढंही धड नाही. घर म्हणजे मुलांची कॉलेजची फी, आजारपणातला आधार, म्हाताऱ्यांनी मागे ठेवलेली पुंजी, ते एका पिढीला मिळालं नाही की पुढच्यांना कुठून मिळणार. शेजारच्या सेंट पॉल शहरात रोंडो नावाची ब्लॅक वस्ती होती, तिच्या मधून हायवे काढला, शेकडो घरं गेली. मी रोज त्याच आय-९४ वरून ऑफिसला जायचे आणि मला माहीत नव्हतं.

इथल्या मराठी मंडळात हे बोलले तर एक काका म्हणाले, अगं आपण तर नंतर आलो, आपला काय संबंध, आपण कष्ट करून घेतलं घर. खरं आहे ते. दोघांच्या पगारातून हप्ता जातो, कुणाचं हिसकावून घेतलं नाही, आणि हा एरिया आम्ही तळं आणि शाळा बघूनच निवडला, कुठल्याही आईबापाने तेच केलं असतं. मी ते मनातल्या मनात शंभरदा म्हणून बघितलंय. आणि आपल्याकडे १९५० लाच घटनेने अस्पृश्यता बंद केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये इथले ब्लॅक विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून इथल्या ब्लॅक लोकांची आणि आपल्याकडच्या अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे ते सांगितलं होतं, याचा मला अभिमान आहे, इथल्या मैत्रिणींना मी ते आवर्जून सांगते.

पण सांगताना साताऱ्याची वरची खोली आठवते. माझ्या कॉलेजमधला एक मुलगा भाड्याने विचारायला आला होता, बाबांनी चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकून म्हणाले, जागा कालच दिली गेली. दिली नव्हती. बाबा मनाने वाईट नव्हते, खालच्या आजी काय म्हणतील याची त्यांना भीती होती, लेखी तर काहीच नव्हतं. आर्थर ली यांचे शेजारीही असलंच काहीतरी म्हणाले असतील, घरांची किंमत पडेल, आमचं काही नाही पण बाकीचे... मी तेव्हा दारात उभी होते, काही बोलले नाही.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुला घर मिळालं ना बाळा, मग झालं तर.

२०१९ च्या कायद्याने इथे घरमालकाला एक फॉर्म भरता येतो, की ही अट मला मान्य नाही. जुना कागद खोडत नाहीत, तो तसाच राहतो, त्याच्या सोबत नवा कागद नोंदवतात. आम्ही मंगळवारी सही करून, नोटरी करून पाठवला. मिनिआपोलिसमध्ये घर असलेल्यांनी आपला पत्ता त्या नकाशावर नक्की टाकून बघा, कागदाचं काही अडलं तर मला मेसेज करा, मी भरायला मदत करेन.