समुद्र नसलेल्या गावात समुद्राचं पुस्तक

आज जळगावात ४३ अंशांच्या उन्हात वाचनालयात जाऊन बसलो. निसर्गाच्या कपाटातून हाताला आलं ते किनाऱ्यावरचं पुस्तक. तिवरांची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात, भरती-ओहोटीबरोबर खाडीचं पाणी खारं-गोडं होत राहतं, वगैरे. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय वाची ऱ्हायना, भाऊ?" म्हटलं, समुद्र. ते हसले.

हसण्यासारखं काही नाही खरं तर. आपली तापी मुलताईहून निघते, भुसावळवरून जाते आणि सुरतेजवळ डुमसला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या शेतातला गाळही शेवटी खाडीतच जातो की!

पण त्याच कपाटात कोकण भरपूर, विदर्भातली जंगलंही आहेत, खानदेश मात्र शोधावा लागतो. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) होतं. महिन्यागणिक झाडं कशी बदलतात ते वाचावं तर तिथेच. आमच्याकडचं म्हणाल तर बहिणाबाई. आसोद्याची ही बाई लिहू-वाचू शकत नव्हती. १९५१ला गेली, पुस्तक आलं १९५२ला. शेत, पाखरं, झाडं इतक्या जवळून पाहिलेली माझ्या वाचनात तरी दुसरीकडे नाहीत.

सातपुड्यातल्या अंजनावर मात्र कुणी मन लावून लिहायला हवं. खडकाळ, कोरड्या जमिनीत उभं राहणारं, लोखंडासारख्या लाकडाचं झाड. यावलकडे गेलात तर बघाच.

अंजनावर किंवा तापीकाठच्या दऱ्यांवर मराठीत सलग लिहिलेलं काही असेल तर नाव टाका. पुस्तक कुणाकडे असेल तर मी येऊन घेऊन जाईन, परतही करीन. (हो, खरंच करीन.)