काड्या खाऊन जगणारं धूड

अँकरेज, अलास्का. जानेवारी. सकाळचे साडेआठ, बाहेर अजून मिट्ट काळोख.

चहा गाळताना मागचा दिवा लावला तर ती मूस (इथलं अवाढव्य हरीण) परत आलेली, बर्फात फतकल मारून बसलीय आणि जबडा आपला आडवा आडवा फिरतोय. रवंथ! डिट्टो आमच्या गावच्या कपिलेसारखा. काल हिने विलोच्या झुडपाच्या फांद्या खाल्ल्या, टोकं जवळून बघितली तर कापलेली नाहीत, ओरबाडून तोडल्यासारखी, सालीचे धागे लोंबतायत. वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात ना, गाईसारखंच.

मला आधी कळायचंच नाही की निव्वळ काड्यांवर एवढं तीन-चारशे किलोचं धूड चालतं कसं. तर गंमत म्हणजे काड्या ती स्वतः पचवतच नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी जंतू असतात ते सेल्युलोज (काड्यांतला चिवट तंतू) फोडून आंबवतात आणि त्यातून जी अ‍ॅसिड्स निघतात (व्हिनेगरवालं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड त्यातलंच एक) ती त्या कप्प्याच्या भिंतीतून थेट रक्तात जातात, बहुतेक एनर्जी तिथूनच. म्हणजे आत चोवीस तास इडलीचं पीठ फुगतंय! मग तेच जंतू वाहत पुढच्या कप्प्यात गेले की पचून जातात, ते प्रोटीन. भाडेकरू ठेवा, त्यांच्याकडून स्वयंपाक करून घ्या आणि शेवटी त्यांनाच खा 😄

पण हिवाळ्यातल्या काड्यांत दम नसतो, कितीही खाल्लं तरी वजन उतरतच जातं, उन्हाळ्यात पाला आणि तळ्यातल्या वनस्पती खाऊन साठवलेल्या चरबीवर निभावायचं. म्हणून हालचालसुद्धा बेतानेच.

पहिल्या वर्षी मला कीव आलेली, गवताचा गठ्ठा आणून टाकणार होतो तर शेजारच्या आजोबांनी हटकलं. एक तर अलास्कात मूसला खायला घालणं बेकायदा, आणि दुसरं म्हणजे आतले जंतू काड्यांना सरावलेले, अचानक गवत आलं तर ते त्यांना झेपत नाही आणि मूस भरल्या पोटी उपाशी मरू शकते. आजी बैलांची वैरण एकदम बदलू द्यायची नाही, आठवडाभर जुन्यात नवी मिसळायला लावायची, तेव्हा वाटायचं म्हातारीचं आपलं काहीतरी.

साडेदहा. उजाडलं. बाई उठल्या, अंग झाडलं आणि सरळ मी सप्टेंबरात लावलेल्या बर्चच्या रोपाकडे. काच वाजवली तर कान तेवढा हलवला.