व्हो-ल-व्हिकाँत : टोकापर्यंत चालून पाहण्याची बाग

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरवर, मँसी या लहानशा गावाजवळ, शेतांच्या आणि रानाच्या मधोमध व्हो-ल-व्हिकाँतचा प्रासाद उभा आहे. पॅरिसला येणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी व्हेर्साय पाहून परततात. ज्यांच्याजवळ आणखी एक मोकळा दिवस असेल, त्यांनी तो इथे द्यावा असे मला मनापासून वाटते. कारण व्हेर्सायच्या बागांमुळे जगभर नाव झालेल्या आंद्रे ल नोत्र यांचे पहिले मोठे काम हेच आहे, आणि ते एका माणसाला आपल्या पायांनी पुरे पाहता येईल एवढ्या आवाक्यातले आहे.

हा प्रासाद बांधला निकोला फुके यांनी. ते चौदाव्या लुईचे अर्थमंत्री होते. १६५६ ते १६६१ या काळात त्यांनी वास्तुकार लुई ल व्हो, चित्रकार शार्ल ल ब्रँ आणि उद्यानकार ल नोत्र या तिघांना एकत्र आणले. १७ ऑगस्ट १६६१ रोजी राजाच्या सन्मानार्थ इथे मोठा समारंभ झाला, मेजवानी झाली, मोलिएर यांचे नवे नाटक झाले, आतषबाजी झाली. आणि तीनच आठवड्यांत, ५ सप्टेंबरला, नाँत शहरात फुके यांना अटक झाली. हा थाट पाहून राजा चिडला अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते, परंतु अटकेची तयारी समारंभाच्या आधीपासूनच चालू होती. तीन वर्षे चाललेल्या खटल्यात न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली, ती राजाने वाढवून जन्मठेपेची केली, आणि १६८० मध्ये पिन्यरोलच्या किल्ल्यात कैदेतच फुके यांचा अंत झाला. ते तिघे कलावंत मात्र राजाने व्हेर्सायच्या कामाला लावले.

प्रासादात शिरण्याआधी बाग पाहावी, असा माझा आग्रह आहे. मागच्या बाजूच्या पायऱ्यांवर उभे राहिले की सगळी बाग एका नजरेत आल्यासारखी वाटते : हिरवळीचे आखीव पट्टे, एक गोल कुंड, त्यापुढे चौकोनी तलाव, तलावाला जणू चिकटूनच कमानींची दगडी भिंत, आणि तिच्यामागे चढत गेलेल्या हिरवळीच्या माथ्यावर हर्क्युलीसचा सोनेरी पुतळा. पाहून झाले असे समजून पुष्कळ मंडळी इथूनच आत वळतात. पण ही बाग पायऱ्यांवरून दिसते तशी नाही, आणि तीच तिची खरी करामत आहे.

चालू लागले की अंतरे लांबत जातात. ल नोत्र यांनी दूरचे भाग जाणूनबुजून मोठे ठेवले आहेत, त्यामुळे वरून पाहताना ते जवळचे आणि बेताचे वाटतात. चौकोनी तलाव प्रत्यक्षात केवढा आहे हे त्याच्या काठावर गेल्याशिवाय ध्यानात येत नाही. वारा पडलेला असेल तर दूर राहिलेल्या प्रासादाचे प्रतिबिंब त्यात पडते. तलाव ओलांडून पुढे जावे, तर जमीन एकाएकी संपते. खाली, खोलगट भागात, आंकय नदीचे पाणी वळवून केलेला, जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा कालवा डावीउजवीकडे पसरलेला असतो. तलावाला चिकटलेली दिसणारी ती कमानींची भिंत कालव्याच्या पलीकडच्या काठावर आहे. एवढे पाणी पायऱ्यांवरून अजिबात दिसत नाही, कारण उतार आणि काठ यांचा हिशेब करूनच ते नजरेआड ठेवले आहे. उतरून मागे वळून पाहिले की, आपण ज्या गच्चीवर उभे होतो तिच्याच भिंतीत बसवलेले धबधबे समोर येतात. तेही वरून दिसलेले नसतात.

कालव्याला वळसा घालून कमानींपर्यंत जरूर जावे. तिथे तिबर आणि आंकय या दोन नद्यांचे देव दगडात पहुडलेले आहेत. मग चढ चढून हर्क्युलीसपाशी पोहोचावे आणि तिथून प्रासादाकडे पाहावे. तिथून कालवा पुन्हा नाहीसा होतो.

आज दिसणारी बाग सबंधपणे सतराव्या शतकातली नाही, हे जाणून पाहिलेले बरे. १८७५ मध्ये साखर कारखानदार आल्फ्रेद सोमिए यांनी ही पडीक होत चाललेली मालमत्ता विकत घेतली आणि पुढील दुरुस्तीला आयुष्य वाहिले. हर्क्युलीसचा पुतळा त्यांच्याच काळात बसला. सोमिए घराण्याच्या वारसांकडेच ही जागा अजून आहे आणि १९६८ पासून ती लोकांसाठी खुली आहे. एका खासगी कुटुंबाने हा भार दीडशे वर्षे वाहिला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

जाण्यासाठी पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून पी मार्गाची गाडी पकडून व्हेर्नय-लेताँ येथे उतरावे. तिथून प्रासादाची बस मिळते, मात्र ती ठरावीक दिवशी आणि मोजक्या वेळी धावते. दुसरा मार्ग गार द लिओंवरून मलँपर्यंतचा. पुढे टॅक्सी करावी लागते, आणि परतीची टॅक्सी उतरतानाच ठरवून घ्यावी, कारण प्रासादाच्या दाराशी ती आयती उभी नसते. स्वतःची मोटार असल्यास शेवटचा रस्ता उंच चिनार वृक्षांच्या दुतर्फा रांगांतून जातो.

हर्क्युलीसपर्यंत जाऊन येण्यास रमतगमत दोन तास धरावेत. वाट बहुतांशी खडीची आणि उघड्यावरची आहे, सावली फार थोडी आहे. टोपी, पाणी आणि चांगले बूट हवेतच. ज्येष्ठांसाठी भाड्याने लहान विजेच्या गाड्या मिळतात. शाकाहारी मंडळींनी उपाहारगृहावर पूर्ण भिस्त न ठेवता सोबत काही न्यावे आणि डबा कुठे उघडता येईल हे प्रवेशद्वारीच विचारावे. कारंजी रोज चालत नाहीत, ठरावीक शनिवारी दुपारीच चालतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात प्रासाद आणि बाग पाहण्याची सोय असते. हिवाळ्यात बराच काळ सारे बंद असते, म्हणून तारखा संकेतस्थळावर तपासून, तिकीट आधी काढूनच निघावे. मेणबत्त्यांची संध्याकाळ निवडल्यास शेवटच्या बसची आणि गाडीची वेळ आधी पाहावी, आणि ती जुळत नसेल तर मलँमध्ये रात्रीचा मुक्काम करावा.