गोड्या पाण्याच्या टँकमध्ये शंख-शिंपले? आधी मासे कोणते ते सांगा

टँकमध्ये शंख-शिंपले टाकू का असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला, मासे कोणते आहेत? कारण शिंपला दिसायला दगडासारखा टणक असला तरी तो नुसता पडून राहत नाही, तो जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि पाणी ॲसिडिक असेल म्हणजे पीएच 7 च्या खाली असेल तर तो हळूहळू विरघळत राहतो. मग कॅल्शियम पाण्यात उतरलं की जीएच, म्हणजे पाण्याचा एकूण कठीणपणा वाढतो, कार्बोनेट उतरलं की केएच, म्हणजे कार्बोनेटचा कठीणपणा वाढतो आणि त्यांच्यामागोमाग पीएचही वर सरकतो. बघायचं असेल तर वाटीत एक शिंपला ठेवून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, लगेच बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. टँकमध्ये ॲसिड इतकं कमी असतं की असलं काही दिसत नाही, पण बऱ्याच महिन्यांनी तोच शिंपला बाहेर काढून पुसून बघा, चकाकी गेलेली असते, कडा झिजलेल्या असतात आणि बोटाला खडूसारखं पांढरं लागतं.

आता डिस्कस, कार्डिनल टेट्रा, रॅम हे सॉफ्ट, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातले मासे, क्रिस्टल रेड श्रिंपही तसेच. त्यांच्यासाठी आपण आरओचं पाणी घालतो, ड्रिफ्टवूड आणि बदामाची वाळलेली पानं टाकतो, पीएच खाली राहावा म्हणून एवढा खटाटोप करतो आणि वरून शिंपले टाकले की ते तोच पीएच वर ढकलत बसतात, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. त्यात पीएच वाढला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भागही वाढतो, त्यामुळे असल्या टँकमध्ये शिंपले नकोतच, कितीही सुंदर असले तरी. झाडांसाठी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तिथेही ते लवकर विरघळतात.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांचं मात्र उलटं, त्यांना हार्ड पाणीच मानवतं. गोगलगायींनाही कॅल्शियम लागतंच, सॉफ्ट पाण्यात त्यांच्या कवचाला खड्डे पडतात. आणि तुमचं पाणी मुळातच हार्ड, पीएच 8 च्या आसपास असेल तर शंख फारसा विरघळणारही नाही, बिनधास्त ठेवा.

पण शंखांचं खरं सोनं होतं ते मल्टी पाळले तर! पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला सिक्लिड कुळातला मासा, जेमतेम 4-5 सेंमीचा. त्या सरोवराचा पीएच 9 च्या आसपास, त्यामुळे तिथे मेलेल्या गोगलगायींचे शंख तळाशी तसेच टिकून राहतात आणि हे मासे त्यात घर करतात. तोंडाने वाळू उचलून बाजूला टाकत टाकत शंख असा गाडतात की फक्त तोंड उघडं राहतं, अंडी आतच घालतात, आणि एक दिवस शंखाच्या तोंडाशी नखाएवढंही नसलेलं पिल्लू डोकावताना दिसतं. कुणी जवळ आलं की सगळे सर्रकन आत. तासन्‌तास बघत बसावं असं आहे ते! यांना बारीक वाळूचा जाड थर द्या आणि शंख माशांपेक्षा जास्तच द्या, नाहीतर भांडणं होतात.

टँक कुठलाही असो, शंख धुण्यात घाई नको. बाहेरून लख्ख दिसतो पण आतल्या वेटोळ्यात मेलेल्या जिवाचा अंश कुजत असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून आधी उकळा, मग बादलीत रोज पाणी बदलत भिजत ठेवा आणि वास घेत राहा, वास पूर्ण जाईपर्यंत टँकमध्ये टाकू नका. व्हिनेगरमध्ये मात्र भिजवू नका, शंखच खाल्ला जातो. रंगवलेले, वॉर्निश मारलेले शंख नकोतच. निमुळत्या तोंडाच्या शंखात कुली लोच, ओटो असले मासे शिरून अडकतात, त्यांच्या टँकमध्ये उघडे पसरट शिंपले बरे. समुद्रावरून उचलत असाल तर आधी आत बघा, पुष्कळदा शंखात खेकडा राहत असतो, त्याचं घर त्याला राहू द्या.

आणि टेस्ट किट नसेल तर आधी ते घ्या. शंख टाकण्याआधी जीएच, केएच, पीएच लिहून ठेवा, मग दर आठवड्याला वॉटर चेंजच्या आधी परत मोजा. केएच चढत चालला आणि मासे सॉफ्ट पाण्यातले असतील तर शंख सरळ बाहेर काढा, पण पीएच एकदम खाली आणायच्या मागे लागू नका, थोडं थोडं पाणी बदलत सावकाश आणा, कारण अचानक बदल माशांना जास्त बाधतो.