परतवाडा–धारणी घाटरस्ता: निघण्याआधी ऑइलची काडी बघा

दिवाळीनंतर मेळघाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून आमच्या फेरीतलं कामाचं तेवढं लिहितो. दोन गाड्या होत्या. माझी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आणि साळ्याची जुनी डिझेल एसयूव्ही, तिच्यात सात माणसं आणि टपावर सामान. अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत परतवाड्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर सपाट रस्ता. कापसाच्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत, सकाळीच निघा. टाकी परतवाड्यात फुल करा. पुढे धारणीपर्यंत पंपाचा भरवसा धरू नका, मोबाइलची रेंजही मधेमधे गायब होते.

घटांगच्या चढावर एका तीव्र वळणाला एसयूव्हीच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि गाडी सरळ होताच विझला. गाडीत लगेच ‘सेन्सर गेला असेल’ सुरू झालं. सेन्सर जातातही, पण फक्त वळणावर जाणारा सेन्सर मी तरी पाहिलेला नाही.

हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. इंजिनाच्या बुडाशी तेल साठवणारं जे भांडं असतं, ज्याला आपल्याकडे सगळे चेंबर म्हणतात, त्यात तळाशी एक जाळी बुडालेली असते. पंप तिच्यातून तेल ओढून वर बेअरिंगपर्यंत पोचवतो. तेल कमी असलं आणि गाडी वळली किंवा चढाला लागली, की तेल एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. तेवढ्यात दाब पडतो, दिवा लागतो. दिवा टिकून राहिला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. पुढच्या गावापर्यंत जाऊ, हा विचार क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला परवडत नाही.

आम्ही थांबलो, पण घाटात काडी, म्हणजे इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी खुणांची पट्टी, बघून उपयोग नव्हता. साधा हिशेब आहे. चेंबर चाळीस सेंटीमीटर लांब आणि चढ दहाला एक असेल, तर तेलाची पातळी एका टोकाला दुसऱ्यापेक्षा चार सेंटीमीटर वर जाते. काडीवरच्या किमान आणि कमाल खुणांमधलं अंतरच मुळी दोनेक सेंटीमीटरचं. त्यामुळे तिथे फक्त खाली वाकून गळती नाही ना हे पाहिलं, एक लिटर तेल ओतलं आणि हळूहळू सेमाडोहला आलो. दिवा परत लागला नाही.

सेमाडोहला सपाट जागा शोधली. पेट्रोल पंपाची फरशीही पाणी वाहून जावं म्हणून बहुतेक उतरती असते, ती सपाट धरू नका. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, कारण वरच्या भागातलं तेल खाली उतरायला वेळ लागतो. मग काडी काढून फडक्याने पुसायची, पूर्ण खाली घालायची आणि परत काढून दोन्ही बाजू बघायच्या. दोन्हींवर वेगळी खूण दिसली तर खालची खरी. काही गाड्यांच्या पुस्तकात थंड इंजिनावर बघा असं लिहिलेलं असतं, तिथे पुस्तकाचं ऐका. गरम तेल फुगतंही: साडेतीन लिटर तेल ऐंशी अंशांनी तापलं तर साधारण दोनशे मिली जास्त जागा घेतं.

एवढं ओतूनही काडी निम्म्याच्या जरा वर. लहान गाड्यांत किमान ते कमाल म्हणजे ढोबळ मानाने पाऊण ते एक लिटर. म्हणजे आम्ही घटांगला किमान खुणेच्याही खाली होतो, असं तेव्हा वाटलं. खरी गोष्ट धारणीला कळली.

तिथल्या मिस्त्रीने गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी मारली आणि खालूनच ओरडला, ‘भाऊ, चेंबरले गोट्याचा मार हाय. काडी तुमाले खोटं सांगून राह्यली व्हती!’ पत्र्याचं चेंबर आत दबलं होतं. पत्रा जेवढा आत येतो तेवढी चेंबरची जागा कमी होते, तेल तेवढंच असलं तरी पातळी वर चढते आणि काडीवर जास्त दिसतं. म्हणजे प्रत्यक्षात तेल काडी सांगत होती त्याहून कमी. शिवाय दबलेला पत्रा जाळीच्या तोंडाशी आलेला. जुनी गाडी घेताना बोनेट उघडून बघणारे पुष्कळ, खाली वाकून चेंबर बघणारा एखादाच. दबलेलं असेल तर काडीच्या भरवशावर घाट चढू नका.

त्याने तेल काढून चेंबर उतरवलं, आतून ठोकून सरळ केलं, जाळी धुतली, सीलंट लावून बसवलं आणि ते वाळू दिलं. भरताना मला त्याची पद्धत आवडली. पुस्तकात सहा लिटर असताना त्याने पाचच ओतलं, इंजिन दोन मिनिटं चालवून फिल्टर भरू दिला, बंद करून थांबला आणि मग काडी बघत थोडं थोडं वाढवलं. पुस्तकातला आकडा तेल किती विकत घ्यायचं ते सांगतो. जुनं तेल काढलं तरी थोडं आत अडकून राहतंच, शिवाय फिल्टर बदलला की नाही यावरही फरक पडतो. बारक्या पेट्रोल गाडीत हा आकडा साधारण तीन-साडेतीन लिटर असतो.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ हे मात्र खोटं आहे. कमाल खुणेच्या वर तेल गेलं की फिरता क्रँक ते ताक घुसळावं तसं घुसळतो, फेस होतो आणि पंपाला परत हवाच मिळते. बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर काडीवर पातळी वाढतेय का हेही बघावं. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर गाडी चालवली की धुराच्या फिल्टरची सफाई अर्धवट राहते आणि न जळलेलं डिझेल तेलात उतरतं. काडीला डिझेलचा वास आला तर तेल बदला. काडीवर दुधी चहासारखा रंग दिसला तर पाणी शिरलंय, गाडी सुरूच करू नका.

सोबत पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं एक लिटर तेल, नरसाळं आणि जुनं फडकं ठेवा. एका वेळी पाव लिटरच ओता.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचं चेंबर अॅल्युमिनियमचं असतं. ते दबत नाही, तडकतं. हरिसालच्या अलीकडे खड्ड्यात खालून ठण्ण आवाज आला तर लगेच थांबून जमिनीवर थेंब पडतात का बघा. गळत असेल तर इंजिन बंद. तडा पेट्रोलने पुसून तेलकटपणा पूर्ण काढल्याशिवाय एम-सील चिकटत नाही, आणि चिकटलं तरी गॅरेजपर्यंतच. मॅन्युअल गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये दुसरीने ओढून नेता येते. ऑटोमॅटिक असेल तर क्रेनच मागवा.